लग्नाचे व्हिडिओ, बारा बाय छत्तीसचे अल्बम आणि थ्रीडी: पाचोऱ्याच्या स्टुडिओसाठी प्रोसेसर कोणता घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. पाचोऱ्यात तुमचा स्टुडिओ आहे. शूटिंग मिस्टर करतात, अल्बम डिझाइन आणि एडिटिंग तुम्ही बघता, आणि दिरांनी आता इंटिरिअरची थ्रीडी कामं घ्यायला सुरुवात केली आहे. सध्याचं मशीन आय५ ९४००एफ, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० कार्ड. सोनीचा नवा कॅमेरा आल्यापासून प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन अडखळते. दुकानदाराने आय९ १४९००केएफ सुचवलाय. ‘२४ कोअर आहेत, दहा वर्षं बघायला नको’ असं त्याचं म्हणणं. बजेट दीड लाख, मॉनिटर जुनाच वापरणार. घ्यावा का?

तो नका घेऊ. माझं मत असं: इंटेल कोअर अल्ट्रा ७ २६५के घ्या, नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला. पैसे कमी पडले तर कोअर अल्ट्रा ५ २४५के. त्याला ६४ जीबी रॅम लावा. ग्राफिक्स कार्ड लगेच लागेल की पुढच्या सीझनला घेतलं तरी चालेल, ते तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइलवर ठरेल. जळगावात २२ वर्षं स्टुडिओवाल्यांची, फ्लेक्सवाल्यांची आणि आर्किटेक्ट मंडळींची मशीनं जोडतोय, दुरुस्त करतोय. त्या अनुभवावरून कारणं सांगतो.

पहिलं कारण त्या ‘एफ’ अक्षराचं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात एफ असतो, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं. लोकांना वाटतं, वेगळं कार्ड लावणारच आहोत तर आतलं हवं कशाला, हजार-दोन हजार वाचले तर बरंच. पण कॅमेऱ्याने दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारं यंत्र, म्हणजे क्विक सिंक, त्या आतल्या ग्राफिक्समध्येच बसलेलं असतं. एफ घेतला की तेही गेलं. तुमचा जुना ९४००एफ आहे आणि दुकानदार देतोय तो १४९००केएफ. म्हणजे ज्या गोष्टीवाचून आज अडलंय, ती नव्या मशीनमध्येही नसणार.

आता अडलंय कुठे ते बघू. नव्या सोनी कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ असं रेकॉर्डिंग करता येतं आणि आपल्याकडचे बहुतेक जण तेच लावून ठेवतात, कारण हळदीच्या पिवळ्या उजेडात नवरीच्या चेहऱ्याचा रंग सुधारायला त्यात वाव मिळतो. ४:२:० प्रकारात चार पिक्सेलमागे रंगाचा एक नमुना साठवला जातो, ४:२:२ मध्ये दोन पिक्सेलमागे एक. रंगाची माहिती दुप्पट, आणि तुमच्या कामाला ती हवीच. पण मोबाइल, टीव्ही, ऑनलाइन व्हिडिओ हे सगळं ४:२:० वर चालतं, म्हणून बहुतेक कार्डांमधली व्हिडिओ उलगडणारी चिप तेवढंच ओळखते. तुमच्या जीटीएक्स १६५० ला ४:२:२ उलगडता येत नाही. आरटीएक्स ४० मालिकेलाही येत नाही. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या आतल्या छोट्या ग्राफिक्सलाही नाही. मग सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर पडतो आणि टाइमलाइन रडायला लागते.

एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती. इंटेलच्या ११व्या पिढीपासून आतलं ग्राफिक्स एच.२६५ मधलं १०-बिट ४:२:२ स्वतः उलगडतं. एच.२६४ मधलं ४:२:२ मात्र २६५के सारख्या प्रोसेसरलाही जमत नाही. ते आणि एच.२६५ दोन्ही, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेला जमतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, तुमचा निम्मा निर्णय इथेच होतो. सोनीच्या मेनूत ‘एक्सएव्हीसी एस’ म्हणजे एच.२६४ आणि ‘एक्सएव्हीसी एचएस’ म्हणजे एच.२६५.

एक प्रसंग सांगतो. अमळनेरचा एक फोटोग्राफर मित्र १६ कोअरचं नवंकोरं मशीन गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, ‘भो, मशीन तर नवंच आहे ना, मग हे रडतं कशाला?’ मी टास्क मॅनेजर उघडून त्याच्याच लग्नाची क्लिप टाइमलाइनवर टाकली. नुसती प्ले केली, ना इफेक्ट ना कलर. सगळ्या कोअरचे आलेख वर चढले, पंखे घोंघावायला लागले आणि वरमाला पडते तिथेच चित्र अडकलं. मग तीच क्लिप शेजारच्या टेबलावरच्या मधल्या दर्जाच्या इंटेल मशीनवर चालवली. तिथे कोअर जवळजवळ निवांत होते. टास्क मॅनेजरमध्ये आतल्या ग्राफिक्सखाली ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा छोटा आलेख असतो, तेवढाच हलत होता आणि क्लिप पाण्यासारखी वाहत होती. त्याची फाइल एच.२६५ होती म्हणून हे जमलं. त्याच्यासाठी आम्ही मशीन बदललं नाही, प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती करून काम करायची सवय लावली. त्याचे पैसे आधीच गेले होते. तुमचे अजून हातात आहेत.

म्हणून खरेदीआधी एक काम करा. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या आणि मिस्टरांच्या कार्डावरची मागच्या लग्नातली एक मूळ फाइल त्यात टाका. तीन ओळी वाचा: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग आणि बिट डेप्थ. फॉरमॅट एचईव्हीसी (म्हणजे एच.२६५) आणि क्रोमा ४:२:२ दिसलं तर २६५के एकटा तुमचा त्रास संपवेल, कार्ड नंतर घेता येईल. एव्हीसी (म्हणजे एच.२६४) आणि ४:२:२ दिसलं तर दोन वाटा आहेत. एक, मिस्टरांना कॅमेरा ‘एचएस’वर घ्यायला सांगा. पण तो बदल थेट लग्नात नको. घरी अर्धा तास शूट करून, तुम्हाला लागणारा फ्रेमरेट मिळतोय का ते पाहून मगच. दोन, आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. ही दुसरी वाट धरलीत तर प्रोसेसर इंटेलचाच हवा ही अट राहत नाही. मग ८ कोअरचा रायझन ७ ९७००एक्स मी आनंदाने देईन. तो ६५ वॅटचा आहे, थंड राहतो, आणि त्याच्या एएम५ सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) किमान २०२७ पर्यंत पाठिंबा देऊ असं एएमडीने जाहीर केलंय, म्हणजे पुढे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येईल. २६५के ज्यात बसतो त्या इंटेलच्या १८५१ सॉकेटबद्दल मी तुम्हाला तसा भरवसा देणार नाही.

आता अल्बम. तुमच्या दिवसाचे जास्त तास इथेच जातात, आणि दुकानात बोलणं होतं ते फक्त कोअरचं. बारा बाय छत्तीसची शीट ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. ८-बिटमध्ये पूर्ण आकाराचा एक लेअर सुमारे ११७ एमबी. दहा लेअर झाले की सव्वा जीबीच्या घरात, आणि हिस्टरीतल्या पायऱ्या त्यावर वेगळ्या. दोन-तीन शीट एकदम उघड्या, बाजूला लाइटरूम, मागे प्रीमियर. १६ जीबी रॅममध्ये हे मावणारच नाही. मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवर लिहायला लागतं आणि तुम्हाला वाटतं प्रोसेसर म्हातारा झाला. तुमच्या फोटोशॉपचा अर्धाअधिक त्रास रॅमचा आहे, असं मी मशीन न बघताही सांगू शकतो.

फोटोशॉपची बरीच कामं एकाच कोअरवर चालतात. ब्रश, लिक्विफाय, लेअर हलवणं, फाइल कॉम्प्रेस करून सेव्ह करणं, यात १६ कोअर असले तरी एक राबतो आणि बाकीचे बघत बसतात. ८ कोअरच्या ९७००एक्सचा कमाल वेग ५.५ गिगाहर्ट्झ, १६ कोअरच्या ९९५०एक्सचा ५.७. फरक चार टक्क्यांच्याही आत. किमतीतला फरक मात्र दुकानदाराला विचारा. सेव्ह व्हायला वेळ लागत असेल तर फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये फाइल हँडलिंगखाली पीएसडीचं कॉम्प्रेशन बंद करायचा पर्याय आहे, तो लावा. फाइल मोठी होते, पण सेव्ह झटकन होतं. आजच करून बघा, त्याला खर्च नाही.

लाइटरूमचं एक्सपोर्ट, प्रीव्ह्यू तयार करणं, आफ्टर इफेक्ट्समधले टायटल, इथे जास्त कोअरचा उपयोग होतो हे खरं. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच दाखवून दिली होती. एखाद्या कामाचा ८० टक्के भाग वाटून घेता येत असेल, तर ८ कोअरवर ते एका कोअरपेक्षा ३.३ पट वेगाने होईल आणि १६ कोअरवर ४ पट. कोअर दुप्पट झाले, वेग पाचवा हिस्साच वाढला. कोअर कितीही वाढवले तरी ५ पटीच्या पुढे जाताच येत नाही, कारण उरलेला २० टक्के भाग एकामागे एकच करावा लागतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, तुमच्या रोजच्या पाच कामांना मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि वहीत लिहा. कुठे थांबता ते कळलं की पैसे कुठे घालायचे तेही कळतं.

दिरांचं काम वेगळं आहे. ते डी५, एन्स्केप किंवा लुमियन वापरत असतील तर रेंडर ग्राफिक्स कार्डावर होतं आणि तिथे कार्डाची मेमरी महत्त्वाची. त्यांच्यासाठी मी १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय सुचवेन. तुमच्या ४:२:२ चाही प्रश्न त्यातच सुटतो. ते कोरोना नावाचं रेंडर सॉफ्टवेअर वापरत असतील तर मात्र सगळं गणित बदलतं. कोरोनाचं अंतिम रेंडर प्रोसेसरवर होतं आणि कामाचे तुकडे करून सगळ्या कोअरना वाटतं. तिथे १६ कोअर खरोखर राबतात. दिवसातले चार-पाच तास मशीन असं रेंडरला बसणार असेल तर रायझन ९ ९९५०एक्स घ्यायला माझी ना नाही. त्यांना आधी विचारा, कारण महिन्याला दोन किचनचे सीन असतील तर त्यासाठी तुमचं बजेट ओढायचं कारण नाही. थ्रेडरिपर वगैरे आणखी महागडे प्रोसेसर कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा, तुमच्या कामाला तो खर्च लागत नाही.

आता आपल्या भागाचा मुद्दा. माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा हाच. प्रोसेसरच्या चाचण्या होतात त्या खोल्या २०-२५ अंशांच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५, आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या दुकानात दुपारी ३८-४० सहज. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोली जेवढी तापेल तेवढा प्रोसेसर वर सरकतो. २५ अंशांच्या खोलीत जो ८० वर राहतो, तो ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास जाणार. रायझन ९००० मालिकेचे बहुतेक प्रोसेसर ९५ ला स्वतःचा वेग कमी करायला लागतात. म्हणजे पैसे ५.७ गिगाहर्ट्झचे मोजले आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, जेव्हा रात्रंदिवस एक्सपोर्ट चालू असतात, तेव्हाच तो वेग मिळत नाही. आपली लग्नसराई आणि आपलं ऊन एकाच वेळी येतं. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीतल्या माणसाचा सल्ला इथे जशाचा तसा लागू पडत नाही तो याचमुळे.

तुम्हाला सांगितलेला १४९००केएफ पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत जातो. एवढी उष्णता पाचोऱ्याच्या दुकानात मे महिन्यात बाहेर काढायची म्हणजे रोजची लढाई. २६५के सुद्धा मोकळा सोडला तर २५० वॅटपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मी तो बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) १२५ वॅटवर बांधून देतो. सगळे कोअर राबवणाऱ्या एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागतो, फोटोशॉपमध्ये फरक जाणवत नाही, आणि मशीन दुपारी तीन वाजताही तसंच चालतं जसं पहाटे. ९९५०एक्स घेतलात तर त्याला इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालवायची सोय आहे. मूळचा तो २३० वॅटपर्यंत घेतो, १०५ च्या इको मोडवर १४२ वर थांबतो. इथे तो तसाच चालवावा.

कूलरसाठी दोन टॉवरचा मोठा एअर कूलर घ्या. वॉटर कूलिंग दिसायला छान, पण त्याचा पंप गेला तर सीझनमध्ये नवा येईपर्यंत दुकान बंद. पंखा गेला तर गोलाणी मार्केटमधून तासाभरात दुसरा आणता येतो. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं आणि टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवायचं नाही. वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतातही नको. त्या हवेतला ओलावा आणि बोअरच्या पाण्याचा क्षार धुळीबरोबर हीटसिंकवर घट्ट बसतो.

धुळीचं म्हणाल तर धरणगावकडच्या एका फ्लेक्सवाल्याचं मशीन ‘आपोआप स्लो झालं’ म्हणून आलं होतं. दुकान जिनिंगच्या शेजारी. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा पांढरट थर, अगदी गादीत घालावा तसा. पंखा फिरत होता, पण हवा जायला वाटच नव्हती. बोटांनी धरून ओढला तर अखंड तुकडा निघाला. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, मशीन पूर्वीसारखं झालं. त्याने नव्या प्रोसेसरसाठी पैसे बाजूला काढले होते. तुमच्या गावात कापसाचा सीझन सुरू झाला की महिन्यातून एकदा जाळी काढून झटकायची, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

१३व्या आणि १४व्या पिढीबद्दल आणखी एक गोष्ट. या पिढ्यांच्या मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कालांतराने अस्थिरता येते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, बायोस अपडेटमधून येणारे) उपाय दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. म्हणून या पिढीतला आय७ किंवा आय९ जुना, वापरलेला, स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी दाखवला तर घेऊ नका. ज्यांच्याकडे आधीच आहे आणि नीट चालतोय, त्यांनी बायोस अपडेट करून घ्यावं आणि बिल जपून ठेवावं.

रॅम घेताना ३२ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ च्या चार नको. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग खाली येतो. रायझन ९००० ला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५६०० आहे, मोठ्या चार पट्ट्यांवर ३६०० पर्यंत उतरतो. रॅमचे भाव खालीवर होत असतात, कोटेशन त्या दिवसाचंच धरा. तुमची जुनी डीडीआर४ रॅम नव्या बोर्डावर चालणार नाही, ती जुन्या मशीनमध्येच राहू द्या. ते मशीन पावती-बिलं आणि फोटो निवडायला उपयोगी पडेल.

बोर्ड बी८६० चा पुरेल, फक्त वीज नियंत्रित करणाऱ्या भागावर दणकट हीटसिंक असलेला बघा. विंडोज आणि सॉफ्टवेअरला एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), चालू कामाला दुसरी. आणि यूपीएस. २६५के १२५ वॅटवर, ५०६० टीआय १८० वॅट, बाकी सामान धरून भारावर चारशेच्या आसपास जाणार. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की तो मशीनसकट बसेल. किमान १ केव्हीएचा घ्या.

दीड लाखात सगळं बसत नाही असं वाटलं तर काय कापायचं ते सांगतो. आधी प्रोसेसर एक पायरी खाली आणा, २६५के ऐवजी २४५के. त्यात कोअर २० ऐवजी १४ आहेत, पण क्विक सिंक आहे. रॅम ६४ वरून खाली आणू नका. यूपीएसमध्येही काटकसर नको.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन गोष्टी न्या: मिस्टरांच्या कॅमेऱ्यातली दहा मिनिटांची मूळ क्लिप आणि तुमची सर्वांत जड अल्बम शीट. मशीन तिथेच जोडायला सांगा, तुमच्या हाताने टाइमलाइन चालवा, शीट उघडून सेव्ह करा. पुष्कळदा बिलावर नुसतं ‘अल्ट्रा ७’ लिहितात. तिथे २६५के असं पूर्ण लिहून घ्या आणि खोक्यावरचं नाव त्याच्याशी जुळवून बघा, ‘केएफ’ निघाला तर तिथेच परत करा. बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवायलाही सांगा. वेगळं कार्ड लावलं की काही बोर्ड ते आपोआप बंद करतात आणि ज्याच्यासाठी हा प्रोसेसर घेतला, तेच हाती लागत नाही.

मीडियाइन्फोत त्या तीन ओळी काय दिसतात आणि दीर कोणतं सॉफ्टवेअर वापरतात, एवढं कळवा. कार्ड आत्ताच की सीझननंतर, ते मग सांगतो.